पोहायला शिकताना फ्रॉकचा कॉस्च्युम चालतो का? आत काय घालायचं?

तुम्ही चाळिशीनंतर ठाण्यात महिलांच्या बॅचला नाव घातलंय, साध्या कॉस्च्युमचा संकोच वाटतो, म्हणून फ्रॉकवाला घ्यावा का असं विचारलंय. जरूर घ्या. मात्र एक लक्षात ठेवा: पाण्यात आडवं झालं की झालर वर तरंगते आणि पाठीकडे जाते. तेव्हा अंग झाकते ती आतली चड्डी. झालर उपयोगाची ती चेंजिंग रूमपासून काठापर्यंत. त्यामुळे दुकानात आधी झालर उचलून आतली चड्डी बघा. ती वरच्या भागाला शिवलेली आणि गुडघ्याच्या जरा वरपर्यंत येणारी हवी. झालर मांडीच्या मध्याखाली नको. लांब झालर ब्रेस्टस्ट्रोकची (बेडकासारखी) किक मारताना पायांत येते आणि पाणी धरून मागे ओढते. आवडलेल्या कॉस्च्युमची झालर लांब असेल तर दोन्ही बाजूंच्या शिवणीवर, कडेपासून चार बोटं वर, ती पॉलिस्टर दोऱ्याने चड्डीला दोन-दोन टाके घालून अडकवा. बरीचशी जागेवर राहते.

माप घेताना बायका छाती आणि कंबर बघतात, धडाचा घेर विसरतात. टेप एका खांद्याच्या मध्यावर धरा, पुढून खाली, दोन पायांमधून मागे आणि परत त्याच खांद्यावर आणा. हा आकडा साइझच्या तक्त्याशी जुळवा. उंच बाईने फक्त छातीवरून कॉस्च्युम घेतला तर पट्टे खांद्यात रुततात आणि खालून काचतो. मग 'एक साइझ मोठा घेऊ' म्हणून घेतलेला छातीत सैल पडतो, वाकलं की गळ्यातून हवा शिरते. कोरडा असताना थोडा घट्टच वाटला पाहिजे, कारण ओला झाल्यावर कापड सैलावतं. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. दोन्ही हात वर करून बघा, उकिडवं बसून बघा.

आत काही घालायचं नाही. ना ब्रा, ना निकर. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, कडेने बाहेर डोकावतं आणि ओलं अंगावर घासून काखेत, जांघेत सोलतं. आधार हवा असेल तर आत कप शिवलेला, छातीखाली इलॅस्टिकची पट्टी असलेला कॉस्च्युम बघा. सुटे कप धुताना गोळा होतात. फिका रंग टाळा, ओला झाला की अंग दिसतं. गडद रंगालाही पुढे अस्तर आहे ना ते बघा.

घालताना अंग पूर्ण कोरडं हवं, तेल-लोशन नको. लेगिंगसारखा गोळा करून दोन्ही पाय घाला, आधी चड्डी मांड्यांवर नीट बसवा, मग वर चढवा. कडा धरून ओढू नका, टाके तुटतात. कापड तळव्यांनी थोडं थोडं सरकवा, नखं लागली की धागे निघतात. मागे चेन असेल तर दुसरीला लावायला सांगा आणि आतली पट्टी चेनमध्ये अडकत नाही ना ते बघा. पाण्यात उडी मारू नका, झालरीत हवा भरून फुगा होतो. शिडीने उतरा आणि हाताने झालर दाबून हवा काढा.

तलावात उतरण्याआधी शॉवर घ्या. साध्या पाण्याने भिजलेलं कापड क्लोरीनचं पाणी कमी शोषतं. ताणलं जाणारं कापड क्लोरीनने हळूहळू मरतं, म्हणून रोज जाणार असाल तर लेबलवर नायलॉन-लायक्राऐवजी पॉलिस्टर-पीबीटी (पीबीटी हा पॉलिस्टरचाच एक प्रकार) शोधा. ते कमी ताणतं पण जास्त टिकतं. काठाच्या खरखरीत लादीवर बसू नका, बुडाशी कापडाला गोळे येतात.

बाहेर आल्यावर लगेच साध्या पाण्यात खळबळून घ्या. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा. सावलीत, पंख्याखाली वाळत घाला. मशीन, गरम पाणी, इस्त्री नको. ओला कॉस्च्युम प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला तर वास बसतो, पावसाळ्यात तर बुरशीही. जुलैत आपल्याकडे काहीच धड वाळत नाही, तेव्हा आलटून पालटून दोन वापरा. बुडाशी कापड उजेडासमोर धरून पारदर्शक दिसायला लागलं की नवा घ्या.