खडकातल्या भेगा आणि तिसऱ्या वर्षाचं गणित

सप्रेम नमस्कार.

तुमची मुलगी नागपुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. भूकंपलहरींच्या मदतीने जमिनीखालच्या खडकातल्या भेगा शोधण्याचं काम तिला करायचंय आणि त्यासाठी पुढच्या वर्षी गणित सोडून भूशास्त्र धरायचं ती म्हणते, असं तुम्ही लिहिलंय. गणित सोडू देऊ नका. भूशास्त्र पुढे भरून काढता येतं, गणित सहसा येत नाही.

काम काय असतं ते सांगतो. पाच-पाच मीटरवर 24 जिओफोन, म्हणजे जमिनीची थरथर टिपणारी यंत्रं, रोवायचे, लोखंडी प्लेटवर आठ किलोचा घण मारायचा आणि लहर कुठे किती मिलिसेकंदांत पोचली ते मोजायचं. धडधाकट बेसॉल्टमधून (काळ्या अग्निजन्य खडकातून) पी-लहर, म्हणजे सगळ्यात आधी पोचणारी दाबाची लहर, सेकंदाला पाच-सहा किलोमीटर जाते, भेगाळलेल्यात वेग बराच उतरतो. भेगा एकाच दिशेच्या असतील तर एस-लहर, म्हणजे मागून येणारी आडवी थरथरणारी लहर, दुभंगते: भेगांना समांतर थरथरणारी आधी येते, दुसरी मागून. त्यावरून भेगांची दिशा आणि दाटी काढतात. मात्र एकेक भेग दिसत नाही. वेग सेकंदाला 5000 मीटर आणि वारंवारता 100 हर्ट्झ धरली तर तरंगलांबी 50 मीटर; मिलिमीटरभर भेगेचा तिला पत्ताही लागत नाही. हाती लागतो तो सगळ्या भेगांचा एकत्रित परिणाम, आणि तो गणितानेच सोडवावा लागतो.

आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये आणखी एक मेख आहे. कठीण थराखाली मऊ थर असला तर अपवर्तन पद्धतीला, म्हणजे थरांतून वळून आलेल्या लहरींच्या वेळांवरून खोली काढण्याच्या पद्धतीला, तो दिसतच नाही, आणि त्याखालच्या खडकाची खोली फुगून येते. शिवाय उन्हाळ्यात काळी माती फाटली की जिओफोन सैल बसतात आणि विजेच्या तारांची 50 हर्ट्झची गुणगुण नोंदीत उतरते.

पुढची वाट आयआयटीच्या जॅम या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेतून जाते. मुंबई आयआयटी किंवा धनबादला उपयोजित भूभौतिकी, म्हणजे भौतिकशास्त्राने जमिनीखालचं शोधण्याचा विषय, आहे. प्रवेशाच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा. यूपीएससीच्या भूभौतिकतज्ज्ञ पदाला भौतिकशास्त्राचं एम.एस्सी.ही चालतं, हा मोठा आधार. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागीय कार्यालय, वेस्टर्न कोलफील्ड्स ही कोळसा कंपनी, मॉइल ही मँगनीज कंपनी हे सगळं नागपुरातच आहे. तरी पहिली नेमणूक घराजवळ मिळेल असं धरून चालू नका.

या सुट्टीत तिला पायथन ही संगणकभाषा आणि त्यातलं भूकंपनोंदी हाताळण्याचं ओब्सपाय शिकू द्या, दोन्ही फुकट आहेत. खऱ्या भूकंपनोंदींवर पी आणि एस कुठे सुरू होतात ते तिने हाताने खुणावावं. महिन्याभरात कंटाळली, तर भूशास्त्रच घेऊ द्या.