ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरला मराठीत काय म्हणायचं?

ताई, तुम्ही विचारलंय की परळला बारावीच्या मुलांसाठी मराठीत नोट्स काढताय, त्यात ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरला 'लिप्यंतरण घटक' लिहिलं तर चालेल का. मला विचाराल तर दोन्ही शब्द नकोत.

लिप्यंतर म्हणजे दादर स्टेशनच्या पाटीवर असतं ते, उच्चार तोच आणि लिपी दुसरी. पेशीत डीएनएवरून आरएनए बनतो तेव्हा लिपी जवळपास तीच राहते, थायमिनच्या जागी युरॅसिल येतं एवढंच, म्हणजे ही नक्कल झाली आणि तिला प्रतिलेखन हा चांगला शब्द आपल्याकडे आहेच. भाषा खरी बदलते ती पुढे, आरएनएवरून प्रथिन बनताना, म्हणून तिथे भाषांतर म्हणतात ते अगदी बरोबर आहे.

आता घटक. घटक म्हटलं की मिश्रणात पडून असलेली वस्तू डोळ्यासमोर येते, आणि ही प्रथिनं तर डीएनएवर ठरावीक जागी बसून जनुक चालू-बंद करतात. मी 'नियामक प्रथिन' लिहीन. काही जण नियंत्रक म्हणतात पण त्यात एकट्याच्या हुकमाचा वास येतो, आणि इथे एकट्याचं काही चालत नाही हाच तर मुलांना कळायला हवा असा भाग आहे. मिक नावाचं प्रथिन घ्या. त्याला मॅक्स नावाचं दुसरं प्रथिन भेटलं की दोघं मिळून डीएनएवर सीएसीजीटीजी ही सहा अक्षरं जिथे असतील तिथे बसतात आणि त्या जनुकाचं प्रतिलेखन वाढतं. तेच मॅक्स मॅड नावाच्या प्रथिनाबरोबर गेलं तर बसायची जागा तीच, पण आता ही जोडी अशी एन्झाइम्स बोलावून आणते की तिथला डीएनए घट्ट गुंडाळला जातो आणि प्रतिलेखन दबतं! मॅक्स तेच, जागा तीच, जोडीदार बदलला की निकाल उलटा. बऱ्याच कॅन्सरमध्ये मिक प्रमाणाबाहेर वाढलेलं असतं ते का घातक, हेही मुलांना इथेच समजेल. म्हणून इंटरॅक्शनला आंतरक्रिया लिहून पुढे जाऊ नका, 'एकमेकांना धरतात', 'जोडी जमते' असं सरळ लिहा.

रिप्रेसरचंही सांगतो, कारण लॅक ओपेरॉन, म्हणजे जीवाणूतला लॅक्टोज (दुधातली साखर) पचवणाऱ्या जनुकांचा एकत्र चालू-बंद होणारा गट, सिलॅबसमध्ये आहे. जेकब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1961 साली ही कल्पना मांडली: लॅक्टोज नसताना रिप्रेसर डीएनएला चिकटून वाट अडवतो, लॅक्टोज आला की त्याचंच बदललेलं रूप रिप्रेसरला चिकटतं आणि तो डीएनए सोडतो. याला 'दमनकारी' लिहिलेलं वाचलंय, तो राजवटीचा शब्द आहे, इथे 'रोधक' पुरे.

फक्त प्रत्येक शब्द पहिल्यांदा येईल तिथे शेजारी मूळ शब्द देवनागरीत लिहाच, पुढे बीएस्सीला मुलांची गाठ त्याच्याशीच पडणार आहे.