गर्भारपणात स्कॅनिंग केल्याने बाळाला अपाय होतो का, आणि खानापूर तालुक्यातून ते वेळेवर कसे करून घ्यावे?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पत्नीला सोळावा आठवडा लागला आहे, गाव जांबोटीच्या पुढे कणकुंबीच्या बाजूला आहे, सातव्या आठवड्यात एक स्कॅनिंग झाले आहे आणि दुसरे अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान करा असे डॉक्टरांनी सांगितले आहे. मात्र सरकारी दवाखान्यात पाच आठवड्यांनंतरची तारीख मिळाली, आणि घरी तुमच्या आईंचे म्हणणे असे की वारंवार स्कॅनिंग केल्याने त्यातील किरणांमुळे पोर अशक्त निपजते. शिवाय आधार कार्ड आणि सही कशासाठी घेतात, याचीही घरच्यांना धास्ती वाटते. मी बेळगावातील एका रुग्णालयाच्या प्रसूती विभागात बावीस वर्षे परिचारिका होते आणि माझे माहेर खानापूर तालुक्यातच आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे पत्नीच्या प्रकृतीविषयीचा निर्णय त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांचाच राहील. पण तुम्ही विचारलेल्या गोष्टी मी रोज जवळून पाहिल्या आहेत.

सर्वात आधी तारखेबद्दल लिहिते, कारण बाकीचे चार दिवसांनी वाचले तरी चालेल. आज सोळावा आठवडा असेल तर पाच आठवड्यांनी एकविसावा येईल, आणि त्या दिवशी डॉक्टर रजेवर असले किंवा यंत्र बंद असले तर पुढची तारीख थेट तेविसाव्या-चोविसाव्या आठवड्यात जाईल. बाळाचे हृदय, पाठीचा कणा, मेंदू, मूत्रपिंडे हे सारे नीट पाहण्यासाठी अठरा ते वीस आठवड्यांचा काळ नेमका का निवडला आहे, तर त्या वेळी अवयव दिसण्याइतके मोठे झालेले असतात आणि काही गंभीर आढळलेच तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेऊन विचार करायला कुटुंबाच्या हाती वेळ उरतो. २०२१ मध्ये सुधारलेल्या कायद्यानुसारही गर्भपाताच्या बहुतेक तरतुदी वीस आणि चोवीस आठवड्यांच्या मर्यादांशी बांधलेल्या आहेत. तेव्हा पाच आठवडे थांबू नका.

आता आईंच्या भीतीविषयी. ती निराधार आहे असे मी म्हणते, पण ती मूर्खपणाची आहे असे मुळीच म्हणत नाही. आपल्या भागात सोनोग्राफीला सरसकट ‘स्कॅनिंग’ म्हणतात. सीमेपलीकडे महाराष्ट्रात, चंदगड-गडहिंग्लजला, तिलाच ‘सोनोग्राफी’ म्हणतात. डोक्याचा सीटी स्कॅन आणि पोटाचे स्कॅनिंग हे दोन्ही एकाच शब्दात बसत असल्यामुळे, सीटी स्कॅनमध्ये किरण असतात हे ज्यांनी कुठे ऐकले आहे, त्यांना गर्भवतीच्या स्कॅनिंगचीही भीती वाटणे स्वाभाविक आहे. त्या भीतीला इतिहासही आहे. एके काळी गर्भवतींच्या पोटाचे खरोखरच एक्स-रे काढले जात असत, आणि १९५० च्या दशकात ऑक्सफर्डच्या डॉ. ॲलिस स्टुअर्ट यांनी दाखवून दिले की अशा एक्स-रेमुळे पुढे त्या मुलांमध्ये कर्करोगाचे प्रमाण वाढते. याच दशकाच्या अखेरीस, १९५८ मध्ये, ग्लासगोच्या डॉ. इयन डोनाल्ड यांनी पोटातील गाठी आणि गर्भ ध्वनिलहरींनी पाहण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिचे मूळ कारखान्यात धातूमधील तडे शोधण्याच्या यंत्रात होते. म्हणजे आई ज्या किरणांना भितात, त्यांच्याऐवजीच ही तपासणी आली.

सोनोग्राफीत किरण नसतात, आवाज असतो. आपल्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. पोटावरून फिरवायच्या प्रोबमधून साधारण वीस ते पन्नास लाख कंपनांचा आवाज निघतो. प्रोब अत्यंत अल्प क्षण आवाज सोडतो आणि उरलेला जवळजवळ सगळा वेळ परत येणारा प्रतिध्वनी ऐकत राहतो, त्या प्रतिध्वनीचे पडद्यावर चित्र होते. पोटावर थंडगार जेल लावतात ते एवढ्यासाठीच की प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहिली तर आवाज आत शिरत नाही. जेल लावताच दचकून पदर घट्ट धरणाऱ्या कितीतरी मुलींना मी हे सांगितले आहे, आणि ते कळल्यावर त्यांची मूठ सैल होताना पाहिली आहे.

तरीही आवाज ही ऊर्जा आहे, आणि ऊर्जा शरीरात मुरली की थोडी उष्णता निर्माण होते, हे लपवण्याचे कारण नाही. बाळाच्या ऊतींचे तापमान नेहमीपेक्षा दीड अंशापर्यंत वाढले तरी त्यापासून अपाय होत नाही, असे या विषयातील जागतिक तज्ज्ञ संघटनेचे मत आहे, आणि साध्या कृष्णधवल चित्रात वाढ त्याहून कमी राहते. रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणाऱ्या आणि ठोके ऐकवणाऱ्या डॉप्लर तपासणीत मात्र ऊर्जा एकाच जागी जास्त जाते. म्हणून पहिल्या दहा आठवड्यांत गरजेशिवाय डॉप्लर लावू नये, हृदयाची गती रेषेच्या आलेखावर मोजावी, अशी पद्धत आहे. सातव्या आठवड्यात ‘ठोके ऐकवा ना मॅडम’ असा हट्ट नवरे फार प्रेमाने धरतात. तो धरू नये, एवढीच माझी विनंती आहे. यंत्राच्या पडद्यावर कोपऱ्यात उष्णतेचा निर्देशांक सतत दिसत असतो आणि चांगला डॉक्टर तो कमीत कमी ठेवून, पाहायचे ते पाहून, प्रोब उचलतो.

वारंवार स्कॅनिंगने पोर अशक्त होते का, याचा थेट अभ्यासही झालेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात काही गर्भवतींचे पाच वेळा डॉप्लरसह स्कॅनिंग केले आणि इतरांचे एकदाच. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात पाच वेळांच्या गटातील काही अधिक बाळे जन्मतः किंचित लहान आढळली, त्यामुळे काळजी निर्माण झाली. त्याच मुलांचा आठ वर्षांपर्यंत मागोवा घेतला तेव्हा, म्हणजे २००४ मध्ये, दोन्ही गटांतील मुलांची वाढ आणि विकास सारखाच असल्याचे दिसले. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून प्रत्येक गर्भवतीचे चोवीस आठवड्यांच्या आत किमान एक स्कॅनिंग व्हावे असे सांगते. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेले दुसरे, आणि पुढे बाळाच्या वाढीसाठी बहुधा सांगतील ते तिसरे, यात अतिरेक काहीच नाही. अतिरेक दिसतो तो दर महिन्याला ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून होणाऱ्या तपासण्यांत, ज्यांत बाळापेक्षा घरच्यांच्या खिशाला झळ अधिक बसते.

एका गोष्टीवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तिच्यामुळे होणारी गफलत मी पुन्हा पुन्हा पाहिली. सातव्या आठवड्याच्या पहिल्या स्कॅनिंगचा कागद जपून ठेवा. त्या वयात सगळ्यांची बाळे जवळजवळ सारख्याच मापाची असतात, त्यामुळे त्यावरून काढलेली प्रसूतीची तारीख पाच-सात दिवसांच्या फरकाने बरोबर येते. आठव्या-नवव्या महिन्यात बाळे आपापल्या वळणाने वाढलेली असतात आणि त्या वेळचे माप दोन-तीन आठवड्यांनीही चुकू शकते. बाळंतपणासाठी माहेरी, चंदगड तालुक्यात, गेलेली एक मुलगी आमच्याकडे आणली गेली होती. हातात फक्त आदल्या दिवशीचा रिपोर्ट, त्यावर चौतीस आठवडे. अजून वेळ आहे, म्हणून नातेवाईक निश्चिंत होते. पहिला कागद कुठे आहे विचारले, तर सासरी, पत्र्याच्या ट्रंकेत. दीर दुचाकीवरून तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आला तेव्हा संध्याकाळ झाली होती; त्या कागदाप्रमाणे दिवस अडतीस आठवड्यांचे भरत होते. म्हणजे दिवस कमी नव्हते, बाळ वाढायचे थांबले होते. डॉक्टरांनी त्याच रात्री प्रसूती केली. बाळ एक किलो नऊशे ग्रॅमचे होते, पण रडले. आता मोबाइलवर प्रत्येक रिपोर्टचा फोटो काढून पती, पत्नी आणि माहेरचे एक माणूस अशा तिघांकडे ठेवा. ‘तायी’ म्हणजे कन्नडमध्ये आई, पण आमच्या बायकांनी ज्याचे सहज ‘ताई कार्ड’ करून टाकले, त्या गर्भवतीच्या नोंदींच्या सरकारी कार्डावरही पहिल्या स्कॅनिंगची तारीख आशाताईंकडून लिहून घ्या. कार्ड कन्नडमध्ये असले तरी रिपोर्ट इंग्रजीत असतो, तो सीमेच्या दोन्ही बाजूंना चालतो.

स्कॅनिंग सगळेच सांगू शकत नाही, हेही मनात असू द्या. ‘नॉर्मल’ लिहिलेला रिपोर्ट म्हणजे हमीपत्र नव्हे. हृदयाची काही बारीक व्यंगे, रक्तातील दोष, ऐकण्याचे दोष त्यात दिसत नाहीत. मात्र वार खाली गर्भाशयाच्या तोंडावर आहे का, बाळ एक की दोन, हे त्यातून कळते, आणि जिथून पावसाळ्यात रुग्णवाहिका यायला तास-दोन तास लागतात त्या गावातील बाईसाठी वार खाली असल्याचे आधी कळणे म्हणजे जीव वाचणे आहे.

सरकारी दवाखान्यातील लांबच्या तारखेचे कारण बहुतेक ठिकाणी यंत्र नसून माणूस असतो. कायद्याने हे यंत्र नोंदणी केलेल्या जागीच आणि पात्र डॉक्टरनेच चालवावे लागते, ते जीपमध्ये घालून गावोगाव नेता येत नाही आणि माझ्यासारख्या परिचारिकेला हात लावता येत नाही. यामागचे कारण आपल्या भागाला सांगायला नको. महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि देशाने १९९४ मध्ये गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला, आणि तरीही मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळला, आपल्या सीमेला लागून, ओढ्याकाठी एकोणीस भ्रूण सापडले. दुर्गम गावांना या कायद्याची झळ बसते हे मला मान्य आहे, पण तो सैल करून ती भरून काढू नये. तालुक्याला कायमचा डॉक्टर देऊन भरून काढावी.

आधार कार्ड आणि सही याच कायद्यासाठी आहेत. ‘फॉर्म एफ’ नावाच्या कागदावर गर्भवतीचे नाव, पत्ता, मुले किती, तपासणी कोणत्या कारणासाठी, हे लिहितात, आणि बाळाचे लिंग जाणून घ्यायचे नाही असे तिचे निवेदन असते. मजकूर कळत नसेल तर तो मराठीत समजावून मागा आणि मगच पत्नीने सही करावी. त्यात संकोच करू नये. त्या सहीने तिच्यावर कसलेही बालंट येत नाही. उलट कायदा असे गृहीत धरतो की लिंग तपासणी झालीच असेल तर पतीने किंवा नातेवाइकांनी तिला भाग पाडले असावे.

आता काय करायचे ते. उद्याच आशाताईंना भेटा आणि या महिन्याच्या ९ तारखेचे विचारा. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, आणि तेथून बेळगावच्या जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी मिळू शकते. २०११ पासून सरकारी रुग्णालयात गर्भवतीला सोनोग्राफीसह तपासण्या मोफत मिळण्याचा हक्क आहे, तेव्हा चिठ्ठी मागताना आपण उपकार मागतो आहोत असे वाटू देऊ नका. पुढच्या आठवडाभरात तारीख मिळाली नाही तर बेळगावातील दोन-तीन खासगी केंद्रांना फोन करून दर विचारा, आणि विचारताना ‘अठरा ते वीस आठवड्यांचा अ‍ॅनोमली स्कॅन, ज्याला टिफा म्हणतात तो’ असे स्पष्ट सांगा, कारण साध्या स्कॅनिंगचा दर वेगळा आणि तपासणीही वेगळी असते. कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. आदल्या दिवशी दुपारच्या बसने येऊन बेळगावात वडगाव-शहापूरकडे कुणा नातेवाइकांकडे मुक्काम करा. आणि आईंनाही बरोबर आणा. तपासणीच्या खोलीत त्यांना सोडतीलच असे नाही, पण बाहेर बाकावर बसून त्या आपल्या सुनेला थोड्या वेळात चालत बाहेर येताना पाहतील.