फोनवर व्हीएलसीने (जवळपास कुठलीही फाइल चालवणारा फुकट प्लेअर) व्हिडिओ पाहिले की बॅटरी भराभर उतरते. मग फोनमधलाच प्लेअर वापरावा का?

नाही. फोनमधल्या प्लेअरला जी फाइल चालते, ती व्हीएलसीसुद्धा बहुतेक वेळा चिपमधल्या डीकोडरवरच, म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या खास भागावर, चालवतं; त्यात बॅटरी कमी लागते. फरक पडतो तो चिपला न कळणाऱ्या फाइलींना. तिथे फोनमधला प्लेअर हात वर करतो आणि व्हीएलसी सॉफ्टवेअरने डीकोड करायला प्रोसेसरला कामाला जुंपतं, म्हणून बॅटरी जास्त जाते. म्हणजे तुमची तुलना चाललीय ती चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या व्हिडिओची.

एवढ्या तावातावाने लिहितोय, कारण हा वाद आमच्या घरात २०१० पासून चालू आहे. त्या एप्रिलमध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सने फ्लॅशविरुद्ध जाहीर पत्र लिहिलं. वेबवरचे व्हिडिओ चालवणारं हे सॉफ्टवेअर ॲपलने आयफोनवर बंदच ठेवलं होतं. त्यात म्हटलं होतं की आयफोनवर एच.२६४ प्रकारचे (चिपला कळणारे) व्हिडिओ १० तासांपर्यंत चालतात, सॉफ्टवेअरने डीकोड केले तर ५ तासांच्या आत बॅटरी संपते. आमचे दाजी हिंजवडीत नोकरीला. गणपतीत प्रसाद वाटतानासुद्धा ते हा आकडा ऐकवत. आकड्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण त्यावरून दाजी थेट ‘कंपनी जे बंद ठेवते ते आपल्या भल्यासाठीच’ इथे पोचायचे आणि माझं टाळकं फिरायचं.

बाबांनी नोकरीत असताना राज्य नाट्य स्पर्धेत काम केलं होतं. त्या प्रयोगाच्या व्हीएचएस कॅसेटची लक्ष्मी रोडवरून डीव्हीडी करून आणली आणि त्यातली एमपीईजी-२ (डीव्हीडीवरच्या जुन्या प्रकारची) फाइल मी फोनमध्ये टाकली. फोनमधला प्लेअर ‘फाइल चालत नाही’ म्हणून मोकळा. दुसऱ्या प्लेअरवर सॉफ्टवेअर डीकोडर निवडला आणि चालली. कोल्हापूरला लग्नाला निघालो होतो, स्वारगेटवरून एसटीने. बाबा खिडकीशी. फोनची पाठ इतकी तापली की त्यांनी तो रुमालात धरला. शेजारचे एक काका वाकून बघायला लागले. दुसऱ्या अंकात बाबा एक वाक्य गाळतात; ती जागा आली तशी म्हणाले, “आता बघा हं, इथे मी गोता खातो.” साताऱ्याच्या पुढे बॅटरी गेली, तिसरा अंक राहिला. तो बाबांनी कराड येईपर्यंत त्या काकांना तोंडी करून दाखवला, बायकी आवाजासकट.

कार्यालयात दाजींनी विचारलं, फोन का लागत नव्हता? सांगितलं तर म्हणाले, “बघ, कंपनी उगाच नाही बंद करत.” अहो दाजी, तुमच्या हिशोबाने चाललो असतो तर बॅटरी शिल्लक राहिली असती आणि नाटक दिसलंच नसतं!

बॅटरीची एवढी काळजी असती तर पडदा बंद करून नुसता आवाज ऐकायची सोय सगळ्यांनी फुकट दिली असती. पडदा हा बॅटरी खाणाऱ्यांत पहिल्या रांगेतला. पण यूट्यूबवर त्याच सोयीसाठी प्रीमियमचे पैसे मोजावे लागतात. व्हीएलसीमध्ये ती फुकट आहे. आणि व्हीएलसी २०११च्या जानेवारीत ॲपलच्या स्टोअरवरून गेलं होतं ते लायसन्सच्या भांडणात, बॅटरीपायी नव्हे. २०१३ मध्ये परत आलं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन (चिपमधल्या डीकोडरचा वापर) बंद पडलंय का बघा, ‘ऑटोमॅटिक’ ठेवा. एमएक्स प्लेअर हा दुसरा प्लेअर वापरत असाल तर त्यात वर एचडब्ल्यू-एसडब्ल्यू (हार्डवेअर-सॉफ्टवेअर) लिहिलेलं दिसतं, तिथे एसडब्ल्यू असेल तर कारण सापडलं. १०-बिट (रंगांच्या जास्त छटा ठेवणाऱ्या) एच.२६४ फाइली बहुतेक फोनांच्या चिपला झेपत नाहीत, जुन्या फोनांत एव्ही१ या नव्या व्हिडिओ प्रकाराचंही तेच. अशा फाइली लांबच्या प्रवासाआधी कॉम्प्युटरवर हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरने साध्या ८-बिट एच.२६४ करून घ्या. दर्जा किंचित उतरतो, वेळही जातो. पण काय उतरवायचं ते तुम्ही ठरवता.

हे सगळं स्वतःच्या फाइली असणाऱ्यांसाठी. फक्त ओटीटी बघत असाल तर व्हीएलसीचा संबंधच नाही, पडद्याचा उजेड कमी करा. फोन जुना असेल तर बॅटरीच बदलायला झालेली असू शकते. आणि कुणी दाजी तुम्हाला जॉब्सचा आकडा ऐकवायला लागले, तर तो २०१० सालच्या चिपचा आहे एवढं त्यांना सांगा. आमचे ऐकत नाहीत.