जप्तीच्या नोटिशीतली वकिली

प्रश्न : मी सांगलीत एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कर्जवसुली आणि दिवाळखोरीच्या वकिलीत पडावं का? घरचे म्हणतात, लोकांच्या घरांवर जप्ती आणायचं काम ते.

उत्तर : आणायचं, तसं थोपवायचंही! पहिली आठ वर्षं मी बँकांकडून उभी राहिले, आता पुण्यात कर्जदारांकडून. आधी २००२ चा सरफेसी कायदा तोंडपाठ करा; थकलेल्या कर्जापोटी कोर्टात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घ्यायची मुभा बँकेला देतो तो हाच. कलम १३(२)ची, म्हणजे थकबाकी भरा सांगणारी, नोटीस आली की पैसे भरायला ६० दिवस हातात असतात. लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. आणि लोक काय करतात? नोटीस देव्हाऱ्यामागे ठेवतात. दाराला ताब्याची नोटीस चिकटली की मग पिशवीभर कागद घेऊन माझ्याकडे. तेव्हा कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला उरतात ४५ दिवस. एकदा अशाच पिशवीतला सातबारा उलगडला, तर गहाण जमीन शेतीची! शेतजमिनीवरचा बोजा या कायद्याने वसूल करता येत नाही. (इतकं सोपं प्रकरण पुन्हा मिळालं नाही.) २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत कंपन्यांची कामं, पैसा जास्त, पण ताळेबंद वाचता यायला हवा. दोन वर्षं बँकेच्या पॅनेलवरच्या एखाद्या वकिलाकडे फायली वाहा. फी म्हणाल, तर बुडालेल्या माणसाकडे ती मागताना माझी जीभ अजून अडखळते.