सप्ताहात आणि भजनी मंडळात पैशाचे नियोजन शिकवावे का?

गावच्या हरिनाम सप्ताहात बचत, म्युच्युअल फंड आणि वारसा यांविषयी माहिती द्यावी का आणि लोक ती ऐकतील का, असे आपण विचारले आहे. अवश्य द्यावी, परंतु जो शिकवील त्याने त्या मांडवात एक रुपयाही गोळा करू नये.

माझे वडील माळकरी होते. निवृत्तीनंतर फंडाची जवळजवळ सगळी रक्कम त्यांनी एका संताच्या नावाने चालणाऱ्या पतसंस्थेत मुदत ठेवीत ठेवली, कारण तिचे अध्यक्ष आमच्याच दिंडीत चालत आणि व्याज बँकेपेक्षा तीन टक्क्यांनी अधिक मिळे. बँकेतील ठेवीला विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवीला ते नसते, असे मी म्हणालो, तेव्हा काका उसळले, "माळ घातलेल्या माणसावर संशय घेतोस?" सहा वर्षांनी संस्थेला कुलूप लागले. वडील गेल्यावर हरिपाठाच्या पुस्तिकेत घडी करून ठेवलेली पावती सापडली; दरवर्षी नूतनीकरण करताना जुनेच नाव उतरवले गेल्यामुळे नामनिर्देशित व्यक्तीच्या (नॉमिनीच्या) रकान्यात आजीचे नाव होते, आणि आजीला जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती.

तुकोबांनी खतपत्रे, म्हणजे कर्जदारांनी लिहून दिलेले कर्जरोखे, इंद्रायणीत बुडवली, मग आपण पैशाची चिंता का वाहावी, हे काकांचे आजही ठरलेले उत्तर आहे. परंपरा मात्र असेही सांगते की, धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची निम्मी खते त्यांनी आधी वेगळी काढून दिली आणि केवळ स्वतःच्या वाट्याची बुडवली. वाटणी चोख झाली, मग विरक्ती आली. विरक्तीचा दाखला देणाऱ्या याच काकांनी एका साडीवर आत्याची हक्कसोडपत्रावर सही घेतली. हिंदू वारसा कायद्यातील २००५च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आहे, हे तिला कोणत्याही कीर्तनात ऐकायला मिळाले नव्हते.

आमच्या मंडळात आता दर वद्य एकादशीला हरिपाठ झाला की अर्धा तास पावत्या वाचतो. ज्याने त्याने आपली पावती आणायची, नाव कोणाचे आहे ते पाहायचे, आणि नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, मालक मात्र कायदेशीर वारसच ठरतात, एवढे समजून घ्यायचे. बँक बुडाल्यास विम्यातून एका ठेवीदाराला त्या बँकेतील सर्व ठेवी मिळून, व्याजासह, पाच लाखांपर्यंतच रक्कम मिळते, हेही अनेकांना तेथेच प्रथम कळले. म्युच्युअल फंडाचे नंतर पाहावे. आधी घरातले कागद एका पिशवीत येऊ द्यावेत.

सगळ्याच पतसंस्था बुडतात असे मी म्हणत नाही; मेहुण्यांची ठेव मुदतीच्या दिवशी परत मिळाली. शिवाय आमचे मंडळ जेमतेम वीस जणांचे आहे, सप्ताहाच्या गर्दीत कोणी पावती बाहेर काढणार नाही, तेव्हा तेथे केवळ वेळ आणि जागा जाहीर करावी. काका एकादशीला नेमाने येतात, हरिपाठ म्हणतात आणि पिशव्या उघडू लागल्या की चपला शोधतात.