कोरी कॉफी, उपाशी धावणं आणि वाढलेला सीआरपी

प्रश्न : पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावतो. वजन ६० किलो. निघायच्या तासभर आधी उपाशीपोटी तीन चमचे कॉफी कोरीच घेतो. रविवारी सोळाशे मीटरच्या बऱ्याच फेऱ्या मारल्या. सोमवारी अंग ठणकलं म्हणून रक्त तपासलं, तर सीआरपी (अंगातला दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या. मित्र म्हणतात, कॉफीनं अंगात सूज धरली. खरं का?
– एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : कॉफीवर एवढा आळ नको. दमवणाऱ्या व्यायामानंतर काही तासांत पांढऱ्या पेशी वाढतात, सीआरपी दुसऱ्या दिवशी चढतो. चहा-कॉफी न पिणाऱ्याचाही. ताप वगैरे नसेल तर दोन-तीन दिवस पूर्ण आराम करून पुन्हा तपासा, आणि धावल्याचं डॉक्टरांना सांगा.

राबणारा स्नायू स्वतःच इंटरल्यूकिन-६ नावाचा निरोप्या रक्तात सोडतो. त्याच्यामागून इंटरल्यूकिन-१० येतो, तो दाह आवरतो. कॉफीतल्या कॅफिननं अ‍ॅड्रेनालिन वाढतं, आणि त्यानं या निरोप्यांना जोर चढू शकतो. धावपटूंवरच्या चाचणीत कॅफिन घेणाऱ्यांमध्ये हे दोन्ही इंटरल्यूकिन जास्त वाढलेले दिसले, म्हणजे भडकवणारा आणि विझवणारा दोघंही. याला सूज धरणं म्हणत नाहीत.

आमची हरकत आहे ती उपाशीपोटावर. स्नायूंतला साखरेचा साठा कमी असला की इंटरल्यूकिन-६ जास्त सुटतं. रात्री दोन भाकरी नीट खा, पहाटे एक केळं किंवा गुळाचा खडा, आणि धावून आल्यावर अर्ध्या तासात गूळ-शेंगदाणे किंवा पोहे.

मात्रेचं बोलायचं तर वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम कॅफिन पुरतं, म्हणजे तुम्हाला १८०. इन्स्टंट कॉफीच्या सपाट चमच्यात साधारण ६० असतं, चिकोरीवाल्या पुडीत कमी. तुमचे तीन चमचे सपाट असतील तर हिशेब बसतो. शीग लावून घेत असाल तर दोनच घ्या. छाती धडधडली, हात कापले की मात्रा जास्त झाली समजा. रोज घेण्यापेक्षा वेळ लावून धावायच्या दिवशीच घ्या. संध्याकाळी सराव असेल तर नकोच. निम्मं कॅफिन अंगातून जायला पाचेक तास लागतात, झोप मोडते, आणि दुखरे स्नायू भरून निघतात ते झोपेतच. वरून एनर्जी ड्रिंकचा डबा तर मुळीच नको.

अंग दुखतं म्हणून धावण्याआधी डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची गोळी घ्यायची सवय मैदानावर बोकाळली आहे. एप्रिल-मेच्या उन्हात, अंगात पाणी कमी असताना ती मूत्रपिंडाला महागात पडते. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, मांड्या दगडासारख्या कडक झाल्या, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.